सोलापुरात ऐकलेला सगळ्यात चांगला विनोद

जानेवारीच्या शेवटी आत्याकडे सोलापूरला जाऊन आले. सिद्धेश्वराचं दर्शन, तळ्याकाठची चक्कर, होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा, नव्या पेठेतली खरेदी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, सगळं झालं आणि छान झालं. त्यातल्या कशावरच मी लिहिणार नाहीये. लिहायचंय ते हसवणाऱ्या माणसांबद्दल. या प्रवासात एका संध्याकाळी मी प्रचंड चिडले आणि दुसऱ्याच दुपारी पोट दुखेपर्यंत हसले. त्या दोन्हींतून मला कोण आवडतं आणि का, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं.

चिडण्यापासून सुरू करते.

मला स्टँडअप आवडतं हे आतेभावाला ठाऊक आहे, म्हणून त्याने मी यायच्या आधीच तिकिटं काढून ठेवली होती. एका कॅफेची गच्ची, दाटीवाटीने मांडलेल्या खुर्च्या, बाहेरगावाहून आलेला तरुण कलाकार. सुरुवात त्याने सोलापूरच्या पाण्यावर केली. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, घरातली पिंपं, पाहुणा आला की आधी पिंपाकडे जाणारी नजर. हे त्याने नीट बघून, विचारपूस करून लिहिलं होतं. आत्याच्या मोरीतली निळी पिंपं मी त्याच सकाळी पाहिली होती, त्यामुळे मी अगदी मनापासून हसले.

मग तो प्रेक्षकांकडे वळला. दुसऱ्या रांगेत एक जोडपं होतं. माणसाने कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, बाईंनी गजरा माळलेला. "काय करता?" "टॉवेलच्या कारखान्यात आहे." "मालक?" "नाही, मागावर." पुढची दहा मिनिटं त्या माणसाची होती. पगार किती, बायकोला आधी काय सांगितलं होतं, एवढ्यात भागतं का, तिकीट परवडलं कसं. माणूस भला होता, त्याने पगाराचा आकडाही सांगून टाकला. गच्ची हसली. तोही हसला. बाई मात्र पर्सची चेन उघडत-मिटत बसल्या. त्या दोघांनी तिकिटाचे तेवढेच पैसे मोजले होते जेवढे आम्ही मोजले, आणि घरी जाताना ते सोबत काय घेऊन गेले, हा विचार माझ्या डोक्यातून रात्रभर गेला नाही.

हे असं का होतं, याचं कारण मला समजतं. तासाभराचा कार्यक्रम बांधायला कलाकाराला कित्येक महिने लागतात. त्यातला एखादा तुकडा मोबाईलवर टाकला की तो जगाने ऐकलेला होतो, मग तिकीट काढून आलेल्यांना तोच कसा ऐकवणार? प्रेक्षकांशी झालेली बोलाचाली मात्र कितीही टाकली तरी मूळ कार्यक्रम शाबूत राहतो. म्हणून रील्समध्ये तीच दिसते, आणि ती बघून आलेल्यांनाही तीच हवी असते. हे गणित मला मान्य आहे. पण समोर बसलेल्या माणसाची मिळकत हा ज्याचा कच्चा माल आहे, तो कलाकार मला आवडत नाही. कितीही हजरजबाबी असला तरी नाही.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर एका शेतावर हुरडा होता. गोवऱ्यांची आगटी पेटलेली, गूळभेंडी ज्वारीची कणसं, गूळ, रेवड्या, शेंगाची चटणी, ताक. हुरडा मळून देणाऱ्याच्या हातातून गरम गरम तोंडात टाकायचा, गप्पा मारायच्या आणि पोट भरलं तरी उठायचं नाही. आमच्याबरोबर आतेभावाच्या इमारतीतले शेजारी होते. शेजारी म्हणजे सगळं सोलापूरच. पूर्व भागात वाढलेले तेलुगू काका, उभा जन्म मागावर काढलेले. घरात कन्नड बोलणारे अप्पा, किराणा दुकानदार. आणि शाळेतून निवृत्त झालेले चाचा, ज्यांची उर्दू दखनी वळणाची आहे आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध.

मी आदल्या रात्रीचा राग काढला आणि विषय पेटला. कोणाला कोण आवडतं?

आत्याने एका दमात सांगितलं, लक्ष्मण देशपांडे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तिने समोर बसून पाहिलंय. एकटा माणूस, बावन्न पात्रं, गिनीज बुकात नोंद. आत्याला त्या नोंदीचं काही नाही. ती म्हणाली, "अगं, तो म्हातारी झाला की मला त्याच्या मिशा दिसायच्याच बंद व्हायच्या." 2009 साली देशपांडे गेले तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं तिने दिवसभर टीव्ही लावला नव्हता.

माझं पहिलं प्रेम पु. ल. 1961 साली त्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, माझ्या वाट्याला आल्या त्या कॅसेटी. पण आवाजावरूनही चाळीतला कोणता माणूस कोणत्या मजल्यावर राहत असेल हे कळायचं. आतेभावाला पु. ल. फार गोड वाटतात. त्याला धार हवी असते, म्हणून त्याने शिरीष कणेकरांचं नाव घेतलं. 'माझी फिल्लमबाजी' म्हणजे एक माणूस उभा राहतो आणि हिंदी सिनेमावर बोलतो, बस. नेपथ्य नाही, पात्रं नाहीत. आज ज्याला आपण स्टँडअप म्हणतो ते हेच की. कणेकर 2023 मध्ये गेले. मला त्यांची तिरकस वाक्यं आवडतात. पण सिनेमावर एवढं चिडायला आधी एवढं प्रेम लागतं, हे मला त्याहून जास्त आवडतं.

मी मग याच जिल्ह्याचं नाव काढलं: द. मा. मिरासदार. जन्म 1927, अकलूजचा. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या जोडीने ते गावोगाव कथाकथन करत फिरले. मिरासदारांचं वैशिष्ट्य असं, की ते स्वतः अजिबात हसायचे नाहीत. भुताचा, चोरीचा, मारामारीचा प्रसंग असला तरी आवाज असा, जणू ग्रामपंचायतीचं इतिवृत्त वाचताहेत. आणि त्यांच्या गोष्टीतला बेरकी, थापाड्या, भित्रा माणूस गोष्ट संपेपर्यंत आपल्याला आवडायला लागलेला असतो. अकलूजमध्ये त्यांच्या नावाने काही पाहायला मिळेल का, हे विचारायला हवं होतं. हुरड्याच्या नादात राहून गेलं.

अप्पा म्हणाले, "तुम्ही गंगावती प्राणेश ऐकले नाहीत म्हणून एवढं बोलताय." उत्तर कर्नाटकातल्या गंगावतीचे हे गृहस्थ माइकसमोर उभे राहतात आणि त्या भागातल्या कन्नडमध्ये बोलत सुटतात. तिकडे याला 'नगे हब्ब' म्हणतात, हसण्याचा उत्सव, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळं घर जातं. अप्पांनी मोबाईलवर लावलं. मला एक शब्द कळला नाही, पण थांबण्याच्या जागा कळल्या. बोलता बोलता ते एकदम थबकतात आणि सभागृह आधी हसतं, मग ते वाक्य पूर्ण करतात.

चाचांनी मोबाईल काढला नाही, त्यांना पाठ होतं. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब, दखनीतले शायर, 'केवडे का बन' वाले. महिन्याची अठ्ठावीस तारीख आली आहे, पगार संपलाय आणि नवरा-बायकोचं भांडण जुंपलंय, अशी त्यांची एक कविता आहे. चाचा नवऱ्याच्या ओळी बसल्या बसल्या म्हणायचे आणि बायकोच्या ओळींना गुडघ्यांवर उठायचे. शेवटाकडे हसता हसता घशात काहीतरी अडकतं. मी आदल्या रात्रीचा पगाराचा विनोद आणि हा पगाराचा विनोद, दोन्ही अठरा तासांच्या आत ऐकले. खतीबसाहेब भांडणाच्या आत बसलेले आहेत, एवढं म्हटलं तरी पुरे.

तरुणांपैकी मी झाकिर खानचं नाव घेतलं. इंदूरचा, घरात सारंगीची परंपरा, आणि गोष्ट सांगताना घाई नाही. 'हक से सिंगल' 2017 मध्ये आलं तेव्हा पाहिलं, अजूनही अधूनमधून पाहते. राजू श्रीवास्तव तर सगळ्यांनाच मान्य होते. 2005 च्या टीव्हीवरच्या लाफ्टर चॅलेंजपासून त्यांचं गजोधर हे पात्र घराघरात पोचलं. निर्जीव वस्तूंनाही ते बोलायला लावायचे. 2022 मध्ये ते गेले, त्यानंतर तसं बघणारा दुसरा मला दिसलेला नाही. मराठी टीव्हीवरच्या स्किट्सबद्दल मात्र आमचं वाजलं. आत्या हास्यजत्रा चुकवत नाही. मला त्यातले कलाकार आवडतात, पण समोर बसून प्रत्येक वाक्याला मोठमोठ्याने हसणाऱ्या पाहुण्यांमुळे माझं हसू आटतं. कधी हसायचं ते माझं मला ठरवू द्या.

तेलुगू काका इतका वेळ कणसं मळत होते. कोणीतरी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलं. ते म्हणाले, "जॉनी लिव्हर. आमचा माणूस." जॉनी लिव्हरचं घर तेलुगू, वाढला धारावीत, हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या साहेबांच्या नकला करून त्याला हे नाव पडलं. काकांना त्याचे सिनेमे फारसे माहीत नाहीत. "कारखान्यात काम करताना साहेबाची नक्कल केली ना त्यानं? ती सोपी नाय. नोकरी जाते." मग आतेभाऊ म्हणाला, "काका, लाईट गेल्याची गोष्ट."

काकांनी आगटीजवळ पडलेलं घमेलं पालथं घातलं आणि दोन बोटांनी ठेका धरला. खटाखट, खटाखट. कारखाना सुरू झाला. त्या आवाजात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, कन्नडमध्ये ओरडतोय, सुताच्या कांड्या भरणारी बाई दखनीत ओरडतेय, मागवाला तेलुगूत ओरडतोय. मागांच्या गोंगाटात साधं 'चहा आला' सुद्धा बोंब मारून सांगावं लागतं. काका मान वळवायचे आणि माणूस बदलायचा. बाई झाले की खांद्यावर नसलेला पदर यायचा. बोटं थांबत नव्हती. मागवाला आता शेजारच्याला मालकाबद्दल काहीतरी सांगायला लागला. इथे काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते वाक्य मराठीत घेतलं: "मालक म्हणजे असला चिक्कट..."

बोटं थांबली. लाईट गेली.

"...अख्ख्या सोलापुरात नाही!" मागवाला त्याच पट्टीत ओरडला, आणि आता तिथे दुसरा आवाजच नव्हता. काका थांबले. एकेकाच्या तोंडाकडे बघत थांबले. मग सावकाश पोट पुढे आलं, तोंडात पान गेलं, आणि दारात उभे असलेले मालक शांतपणे म्हणाले, "घरी पण हेच म्हणतात."

अप्पा मागच्या मागे कलंडले. आत्याच्या डोळ्यांतून पाणी. मी "काका, पुन्हा!" म्हणून ओरडले तर त्यांचं लक्षच नाही. आतेभाऊ हळूच म्हणाला, "त्यांना फार कमी ऐकू येतं. मागांनी कान गेले." म्हणजे आमचं हसणं ते बघत होते. ती जी थांबण्याची जागा होती, जिच्यासाठी मोठमोठे कलाकार वर्षानुवर्षं घासतात, ती त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून मोजली होती. आणि तीन भाषांच्या त्या गोंधळात मी एकटी पाहुणी मागे राहू नये, म्हणून कळीचं वाक्य माझ्या भाषेत आणलं होतं. मी आजवर पैसे देऊन पाहिलेल्या कार्यक्रमांत माझी एवढी काळजी कोणी घेतली नव्हती.

आदल्या रात्रीचा किस्सा आतेभावाने त्यांना खाणाखुणांनी आणि मोठ्याने सांगितला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो माणूस किती माग सांभाळतो, हे विचारलं का त्यानं?" नव्हतं विचारलं. "मग काय विचारलं?" काकांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. एकाच वेळी तीन मागांवर तीन धागे तुटतात तेव्हा माणूस कसा नाचतो, हे त्यांनी लगेच उभं राहून करून दाखवलं, तेही धोतर सावरत. अप्पा पुन्हा कलंडले.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. गाडीत आत्याचं आणि माझं लक्ष्मण देशपांडे की पु. ल. हे भांडण घरापर्यंत चाललं आणि मिटलेलं नाही. मला अजूनही पु. ल. च. फक्त आता काकांचं नाव कुठे घालायचं हा प्रश्न आहे, कारण त्यांचा ना कार्यक्रम आहे ना कॅसेट, आणि मोबाईल समोर धरलेला त्यांना चालत नाही. पुढच्या वर्षी मालकाच्या मुलीच्या लग्नाची गोष्ट सांगतो म्हणालेत. अप्पांनी, जवळपास कुठे प्राणेशांचा कार्यक्रम असला की कळवायचं कबूल केलंय. कन्नड येत नाही. तरी जाणार आहे.