आठच बटणं का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"हजारावर स्किल, आणि सोबत न्यायची फक्त आठ? कंटाळा नाही येत?" गिल्ड वॉर्स हा ऑनलाइन गेम अजून खेळते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे बहुतेक वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या गेमवाले, ज्यांच्या स्क्रीनच्या तळाला बटणांच्या तीन-तीन रांगा असतात. इतकी वर्षं हसून सोडून दिलं.

नाही येत कंटाळा. एक बटण म्हणजे एक स्किल, एक चाल. आठातलं एलिट, म्हणजे सगळ्यात जबरदस्त, एकच, आणि गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की बारला, म्हणजे या आठ बटणांच्या पट्टीला, कुलूप. म्हणजे अर्धी लढाई गावातच होते. शाप उतरवणारं स्किल घेतलं तर मारायचं एक गेलं. रेझ सिग्नेट घेतलं तर मेलेल्याला उठवता येईल, पण कोणी मेलंच नाही तर ती जागा फुकट. त्यात आपल्या पात्राला दुसरा क्लासही, म्हणजे दुसरा पेशाही, जोडता येतो. मृत्यूची जादू करणारा नेक्रोमॅन्सर चक्क जखमा भरणाऱ्या मंकची हीलिंग वापरू शकतो, आणि जवळपास कोणी मेलं की त्याला एनर्जी मिळत असल्यामुळे ती पुरवूनही वापरतो. हे एनर्जीचं अ‍ॅट्रिब्यूट मात्र ज्याचा पहिला क्लास नेक्रोमॅन्सर त्यालाच. क्लासची खरी ओळख तिथे आहे, बटणांच्या गर्दीत नाही.

हे सगळं मी मावसभावाला तेव्हाही सांगायचे. महिन्याची फी नाही म्हणून आम्ही दोघांनी हा गेम धरला होता. ठाण्यातल्या एका सायबर कॅफेत शेजारशेजारच्या मशीनवर बसायचो. माझी मेस्मर. शत्रूचा मंत्र अर्ध्यात तोडायचा, त्याचीच एनर्जी ओढून घ्यायची. थंडरहेड कीप या मोहिमेला आठ जणांची पार्टी लागते. आमची सात झाली होती, मंकही मिळाला होता, आणि मंक मिळणं म्हणजे काय ते खेळलेल्यांना माहीत आहे. लीडर माझा भाऊच. कोणीतरी चॅटमध्ये लिहिलं, मेस्मरने बार दाखवावा. मी दाखवला. मग एकेक सूचना: हे काढ, ते घाल. मी काढलं, घातलं. पाचवं बटण बदलल्यावर तो बार माझा राहिलाच नव्हता. तरी शेवटी कोणीतरी लिहिलं, त्यापेक्षा आग ओतणारा एलिमेंटलिस्ट घ्या. भावाने माझ्याकडे न बघता मला पार्टीतून काढलं. खुर्चीला खुर्ची लागलेली होती! "अगं, मंक निघून जाईल," एवढंच म्हणाला. कॅफेचे पैसे चालू होते म्हणून मी उरलेला वेळ त्याचीच स्क्रीन बघत बसले. जिंकले ते.

तेव्हाची मी म्हणायची, मर्यादा असली की माणूस डोकं चालवतो. चालवतो, पण एकच जण. बाकीचे त्याचा बार उतरवून घेतात. आठ जागा एका नजरेत तपासता येतात, म्हणून कोणीही उठून तुमची झडती घेतो. चाळीस बटणांत माणसाला निदान लपता येतं. हे तुमच्या बाजूचं झालं, घ्या.

पण तुमच्याकडे तरी कुठे मिटलंय? वॉरक्राफ्टने २०१४ मध्ये बटणं फार झाली म्हणून ढिगाने छाटली आणि २०२० मध्ये त्यातली बरीच परत आणली. गिल्ड वॉर्स २ ने तर पहिली पाच बटणं हातातल्या शस्त्रावरच सोपवली. झडती कमी झाली, पण मला तो बार घरच्यांनी जुळवलेल्या लग्नासारखा वाटतो. आवडतो, पण निवडलेला नाही.

२०११ पासून सातही सोबती कॉम्प्युटरचे हीरो घेता येतात. तेव्हापासून आठ जणांच्या आठ-आठ, चौसष्टच्या चौसष्ट जागा मीच भरते. हीरोंमध्ये आता मेस्मरलाच मागणी, कारण कॉम्प्युटर मंत्र तोडायला चुकत नाही. भावाला हे मी मुद्दाम फोन करून सांगितलं. तो म्हणाला, त्या दिवशी एलिमेंटलिस्टच बरोबर होता. त्या मोहिमेत घोळक्याने येणाऱ्या बुटक्या शत्रूंसमोर, हो, असेलही. मला काढायचं होतं तर आधी पाच बटणं का बदलायला लावली, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.