आजी जाग्याच राहिल्या

आज गुडघेबदलाला एक आजी होत्या. पाठीतून भूल दिली, पाय जड झाले, मांडीवर स्पिरिटचा गारवा लागेना, सगळं छान. हातोडीचा पहिला ठोका पडला आणि पडद्याआडून आवाज: "अगं बाई, सुतार आलाय का?"

दुखत नसतं, पण आवाज येतो, हादरा जाणवतो. म्हणून बऱ्याच जणांना वरून थोडी गुंगी देतो. मिडॅझोलाम एखादा मिलिग्रॅम, नाहीतर प्रोपोफॉल हळूहळू. सत्तरीपुढे माझा हात आखडताच. जास्त झालं की जीभ मागे पडते, घोरणं सुरू होतं, ऑक्सिजन उतरतो. शिवाय काही म्हाताऱ्या माणसांना नंतर भ्रम होतो, रात्रभर सलाईन उपसतात. "पूर्णच झोपवा हो" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे पटवणं म्हणजे वेगळीच ड्युटी. (कधीकधी सर्जनलाही!)

आजींना विचारलं, झोपायचंय का? "नको, तू बोल माझ्याशी." मग नाकाला ऑक्सिजनची नळी, माझा एक डोळा मॉनिटरवर आणि नवा सांधा चिकटवणारं सिमेंट बसेपर्यंत सुनेच्या पुरणपोळीत काय काय चुकतं त्याची यादी. मध्येच उलटतपासणी: "तुला येते का गं?"

नाही म्हटलं, तर कृती शेवटच्या टाक्यापर्यंत पुरली.