चाळण झालेलं पान

परवा शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून हाक मारली. "अगं, तुझ्या त्या रुईची पार चाळण झालीय. काही मारत नाहीस का त्याच्यावर?"

"मारणं" हा शब्द बागेत किती सहज येतो. फवारा मारला, पावडर मारली, काहीतरी मारून टाक एकदाचं. मीही वर्षानुवर्षं मारत आले. पानावर टिकलीएवढं भोक दिसलं की माझा जीव वरखाली व्हायचा. पाहुणे यायच्या आधी किडकी पानं खुडून टाकायची, कुंड्या ओल्या फडक्यानं पुसायच्या, असलेही उद्योग केलेत. बाग कशी तुकतुकीत होती. फक्त तिथं कोणी येत नव्हतं. एखादं फुलपाखरू आलंच तर रस्ता चुकल्यासारखं फेरी मारून निघून जायचं.

रुई मी लावलेली नाही. भिंतीच्या कडेला आपोआप उगवली आणि मी ती दोनदा उपटली. तिसऱ्यांदा उगवली तेव्हा आळस केला म्हणून वाचली. मग एका सकाळी तिच्या पानावर ती अळी दिसली. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. रुईचा चीक साधासुधा नाही. हाताला लागला तर खाज सुटते आणि डोळ्यात गेला तर चांगलाच भोवतो. बहुतेक किडे त्या पानाच्या वाटेलाही जात नाहीत. ही अळी मात्र आधी पानाची शीर कुरतडत होती. थोडी कुरतडली की थांबायची. चीक ठिबकून जाऊ द्यायची. मग त्या पलीकडचा, चीक आटलेला भाग निवांत खात बसायची. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिले. चहा गार झाला.

प्लेन टायगर फुलपाखराची अळी होती ती. रुईतलं विष ती पचवते, इतकंच नाही, अंगात साठवून ठेवते. पुढं तिचं फुलपाखरू झालं की पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. एकदा लावलं तर पुन्हा लावत नाहीत. दुसऱ्या एका जातीची मादी तर या फुलपाखराचा हुबेहूब वेष घेऊन फिरते, विष नसताना विषाचा रुबाब मिरवत. आणि हे सगळं मी दोनदा मुळासकट उपटून टाकलेल्या झुडपाच्या जिवावर चाललेलं!

तिथून मला एक फरक कळला, जो आधीच कळायला हवा होता. फुलातला मध कुठल्याही झाडाचा चालतो. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड उडते, घाणेरी मूळची अमेरिकेची असली तरी. पण अळीचं तसं नसतं. तिला ठरावीकच पान लागतं, कारण त्या पानातली रसायनं पचवायला तिच्या कैक पिढ्या गेलेल्या असतात. मोठ्यांसाठी खाणावळ आहे पण पोरांना दूध नाही, अशा गावात कोण संसार थाटेल?

मग मी माझ्या बागेतल्या झाडांच्या वंशावळी काढल्या आणि गार पडले. सदाफुली मादागास्करची. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. झेंडू मेक्सिकोचा. पांढरा चाफा, ज्याला मी आजोळचा समजत होते, तोही अमेरिकेकडचाच. कर्दळीनं तर कमाल केली: शास्त्रीय नावात "इंडिका", जन्म अमेरिकेत. रुई सोडली तर इथले म्हणावेत असे एका कोपऱ्यातला अडुळसा आणि दुर्लक्षित पारिजातक, दोघंच.

अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात डग्लस टॅलमी नावाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत. चिकडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी आपली एका विणीची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या भरवतो, हा हिशेब ते आवर्जून सांगतात. सहा ते नऊ हजार! माझ्या तुकतुकीत बागेत सहा सापडल्या नसत्या. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वॉशिंग्टनच्या आसपासच्या घरगुती बागांचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बागांत तिथल्या मूळच्या झाडांचा वाटा सत्तर टक्क्यांहून कमी होता, तिथं या पक्ष्यांना आपली संख्या टिकवण्याइतकी पिल्लं वाढवता येत नव्हती. म्हणजे तीस टक्के हौसेला जागा आहे. माझी सदाफुली त्या तीस टक्क्यांत बसते. तिला मी काढणार नाही. मूळ गाव विचारून झाडांना हाकलून द्यायचा कडवेपणा मला झेपत नाही. मात्र बेफाम पसरून दुसऱ्याला जागा न ठेवणारी घाणेरी किंवा पाण्यात सोडलेली जलपर्णी यांचं प्रकरण वेगळं. तिथं दयामाया नको.

देशी झाडं लावायला घेतली आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटले. "देशी झाडाला काही करावं लागत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की खरंच काही केलं नाही. निर्गुडीची दोन रोपं लावली आणि विसरले. दोन्ही वाळली. मुळं खोल गेल्यावर झाड आपलं आपण बघतं हे खरं, पण जाईपर्यंत निदान पहिलं वर्षभर पाणी द्यायलाच लागतं. तेही रोज चुळकाभर नाही. रोज वरवर शिंपलं की मुळं वरच घुटमळतात आणि चार दिवस घरी नसलं की झाड मान टाकतं. आता मी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघते. ओल लागली तर गप्प घरात येते. कोरडं लागलं तर सकाळच्या वेळी, सावकाश, मुरेल इतकं पाणी देते. खताचा हातही आखडता घेतला, कारण जास्त खतानं झाड लुसलुशीत होतं आणि लुसलुशीत शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, धावून येतो.

माव्याचीही एक गंमत झाली. अडुळशाच्या शेंड्यावर मावा बसला होता आणि त्याच फांदीवर काळे, नारिंगी ठिपक्यांचे, इवल्याशा मगरीसारखे दिसणारे किडे फिरत होते. जुन्या सवयीनं मी ते चिरडायला हात पुढं केला. नशीब, आधी नीट पाहिलं. ती लेडीबर्डची, म्हणजे ढालकिड्याची पिल्लं होती आणि त्यांचं पानावर जेवण चाललं होतं. मोठेपणी गोंडस दिसणाऱ्याचं बालपण असं भेसूर असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? यापूर्वी मी अशी किती मारली असतील, हे न मोजलेलंच बरं. आठवड्याभरात शेंडा साफ झाला. मुंग्या तेवढ्या नाराज दिसल्या. माव्याच्या गोड चिकट रसावर त्यांचा डोळा असतो आणि त्यापायी त्या माव्याची राखणही करतात.

वाळलेली पानं जाळणं आणि पिशवीत भरून बाहेर ठेवणं दोन्ही बंद केलं. ती झाडाखालीच पसरते, चार बोटं जाडीची, खोडाला मात्र चिकटू देत नाही. नाहीतर बुंधा कुजतो. ओल टिकते, तण कमी येतं, आणि पक्षी पाचोळा उकरत बसतात. उरलेल्याचं खत. पहिल्या खेपेला नुसतीच भाज्यांची सालं टाकली तेव्हा असा वास सुटला की घरच्यांनी बागेचा विषयच काढू नको म्हणून बजावलं. ओल्याच्या दुपटीनं कोरडा पाचोळा टाकायला लागल्यावर वास गेला. आता त्या ढिगातून मातीचा वास येतो, पण घरच्यांचा विश्वास अजून बसायचाय.

काकूंना यातलं थोडं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. पटलं नव्हतं. पण चार दिवसांनी त्याच हाक मारून आल्या, मुद्दाम आवाज खाली आणून. त्यांच्या गुलाबाची पानं कुणीतरी कडेनं गोल गोल कापून नेली होती, कात्रीनं कापावीत तशी. त्यांचा संशय पोरांवर होता. आम्ही दोघी गुलाबापाशी उभ्या राहिलो. थोड्या वेळानं एक करडी, मधमाशीएवढी माशी आली, पानाच्या कडेला लटकली आणि गोल फिरत एक तुकडा कापून, तो पोटाखाली धरून उडाली. पुरतं बघेपर्यंत काम झालेलं.

तिच्यामागं नजर गेली ती थेट माझ्या व्हरांड्यात. कुंड्यांसाठी फळी बसवायची म्हणून मी लाकडी खांबाला चार भोकं पाडून ठेवली होती. त्यातल्या एकात ती शिरली. पानकापी माशीच होती ती. लांबट तुकड्यांच्या भिंती करायच्या, आत परागाचा गोळा आणि एक अंडं ठेवायचं, वर गोल तुकड्यांचं झाकण लावायचं, की त्याच्यापुढं दुसरी खोली. काकूंनी चष्मा वर सरकवून डोळा भोकाशी नेला.

"माझ्याच गुलाबाचं पान आहे हे," त्या म्हणाल्या.

फळी अजून भिंतीला टेकवून उभी आहे. चारांपैकी तीन भोकं हिरवी बुजलीत. चौथ्याकडं काकू सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघून जातात.