माद्रिदला जाताय ना, मग सेगोव्हिया सोडू नका

माद्रिदमध्ये पाच दिवस होतो, त्यातले दोन आम्ही शहराबाहेर काढले आणि खरं सांगते, तेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलेत. चामार्तिन स्टेशनवरून फास्ट ट्रेन पकडली की अर्ध्या तासात सेगोव्हिया, फक्त स्टेशन गावाबाहेर माळावर आहे, तिथून बस घ्यायची. बसमधून उतरून वर बघितलं आणि शब्दच फुटेना! रोमन लोकांनी डोंगरातलं पाणी गावात आणायला बांधलेला अ‍ॅक्वाडक्ट, सगळ्यात उंच जागी साधारण २८ मीटर, ग्रॅनाइटचे दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही काही नाही, आणि जवळपास दोन हजार वर्षं उभा आहे. आई तर कितीतरी वेळ दगडाला हात लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी तोलेदो. अतोचा स्टेशनवरून तेवढाच वेळ. तीन बाजूंनी ताखो नदीचा वेढा, मध्ये टेकडीवर गाव. इथे सन ९९९ मधली छोटीशी मशीद आहे जिचं पुढे चर्च झालं, ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ आहे, आणि प्रचंड कॅथेड्रल, सगळं चालत चालत बघता येतं (चढ आहेत बरं का, बूट चांगले घाला). मासापान मात्र नक्की खा, बदाम आणि साखरेचं, आपल्या बदाम कतलीच्या जवळचं.

ट्रेनची तिकिटं आधीच काढा, आणि जमलं तर तोलेदोला एक रात्र राहा, डे ट्रिपवाले परत गेले की गल्ल्या एकदम शांत होतात म्हणे, आम्हाला संध्याकाळीच निघावं लागलं ते अजून मनाला लागतंय.