कपाटाजवळची जागा

शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं, 'शाळेच्या आठवणी लिहून पाठवा' असं. आपली इमारत, स्नेहसंमेलनं, आपल्या संघाने आणलेली ढाल यांवर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला एकाच व्यक्तीबद्दल लिहायचं आहे. पाचवी ते सातवी आमच्या वर्गशिक्षिका असलेल्या बाई. नाव लिहायची गरज वाटत नाही. १९८९ च्या आमच्या दहावीच्या तुकडीत नुसतं 'बाई' म्हटलं की दुसरं कुणी डोळ्यांसमोर येतच नाही.

चौथीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकातले शेरे ठरलेले होते. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' 'अधिक परिश्रम घ्यावेत.' मी दंगेखोर नव्हते. बाकावर गुपचूप बसायचे, म्हणून कुणाला माझी काळजीही वाटायची नाही. शिकवलेलं कानावर पडायचं, पण आत पोचायचं नाही. पंख्याची करकर, शिपाईकाकांच्या किल्ल्यांचा आवाज, पुढच्या मुलीच्या वेणीची सुटत आलेली रिबन आणि फळ्यावरचं वाक्य, सगळं सारख्याच जोराने अंगावर यायचं. त्यातलं आत्ता काय धरायचं आणि काय सोडायचं हे इतरांना आपोआप कळायचं. मला ते ठरवावं लागायचं, आणि ठरेपर्यंत फळा पुसलेला असायचा. गृहपाठ रात्री जागून केलेला असायचा आणि वही घरी राहिलेली असायची. छत्र्या, कंपासपेट्या किती हरवल्या त्याला गणती नाही. आळशी, निष्काळजी, वेंधळी ही विशेषणं मला इतक्या वेळा ऐकवली गेली होती की दहाव्या वर्षी मी ती स्वतःच स्वतःला लावायला लागले होते.

बाईंनी पाचवीच्या सुरुवातीला काही केलं नाही. नुसतं पाहिलं. मग एकदा निबंधाच्या तासाला त्या माझ्या बाकाशी आल्या. वहीत नेहमीसारख्या चार ओळी आणि पुढे कोरं पान. बाईंनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं, माझीच पेन्सिल घेतली आणि समासात, त्या चार ओळींच्या पाच ओळी खाली, एक बारीक आडवी रेघ मारली. म्हणाल्या, "इथपर्यंत लिही आणि मला आणून दाखव. पुढचं मी सांगते." मी लिहिलं, उठले, टेबलापाशी गेले. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि आणखी पाच ओळींवर दुसरी रेघ मारली. शाबासकी नाही की बोलणी नाहीत. तास संपला तेव्हा माझा निबंध दुसऱ्या पानावर गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं लिखाण पान उलटून पलीकडे गेलं होतं. शेवटची रेघ शेवटच्या ओळीला जवळजवळ चिकटलेली होती, ती मला अजून दिसते.

त्या रेघेत काय होतं ते मला आता सांगता येतं. मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जाणारा त्रास, आहे हे फार पुढे, मोठेपणी कळलं. लांबच्या फळासाठी आज नेटाने बसणं हे माझ्यासारख्या मेंदूला फार जड जातं. डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या रसायनांचं काम त्यात वेगळ्या तऱ्हेने चालतं, आणि दूरवरचा शेवट कामाला ओढून नेत नाही. शेवट जवळ आणला, मध्ये उठायला दिलं, केलेलं लगेच कुणी पाहिलं, की तोच मेंदू चालायला लागतो. आजचे तज्ज्ञ पालकांना आणि शिक्षकांना हेच सांगतात. बाईंनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं असेल असं मला वाटत नाही. समोरच्या मुलीकडे पाहून त्यांना ते कळलं.

आता कपाटाचा प्रसंग. आमच्या वर्गात मागच्या भिंतीला नकाशे ठेवायचं बुटकं लाकडी कपाट होतं, हे जुन्यांना आठवत असेल. मी लिहिताना सतत चुळबुळ करते, पाय हलवते, हे बाईंनी हेरलं होतं. सहावीत त्यांनी मला सांगितलं, "लिखाणाचं काम असेल तेव्हा मागे जाऊन कपाटावर वही ठेवून लिहीत जा. उभ्याने." पहिल्या दिवशी मुली वळून वळून पाहत होत्या. दोन-चार दिवसांनी कुणी पाहीनासं झालं. उभं राहिल्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देता यायचा, आणि शरीर असं हलत राहिलं की डोकं एका जागी थांबायचं. पुढे शाळेची वार्षिक तपासणी आली. तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरले, सगळा वर्ग उभा राहिला, बसला, आणि मी मागे उभीच. साहेबांनी विचारलं, "या मुलीला कसली शिक्षा?" मला रडू येणार होतं. बाई अगदी सहज म्हणाल्या, "शिक्षा नाही साहेब. ती तिची जागा आहे."

साहेब कपाटापर्यंत आले, वही चाळली, अक्षर चांगलं आहे म्हणाले आणि पुढे गेले. एवढंच घडलं. आज ते कुणाला आठवतही नसेल. पण साऱ्या वर्गासमोर, वरिष्ठांसमोर, आपली बाजू कुणी इतक्या साधेपणाने घेतली की लहान मूल त्यावर किती वर्षं जगू शकतं, हे मी स्वतःवरून सांगते.

आठवीपासून प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आले, वर्ग बदलला, कपाट खालीच राहिलं. पुढची वर्षं कशीबशी निघाली. परिचर्येचं शिक्षण घेतलं, आणि तिथून माझं नशीब उघडलं असं म्हणते. रुग्णालयाच्या अपघात विभागात मला माझी जागा सापडली. एकाच वेळी तीन खाटांवर तीन अडचणी, प्रत्येक मिनिटाला नवं काही, हातात लगेच करायचं काम. जिथे इतर गोंधळतात तिथे माझं डोकं थंड होतं. कोणता रुग्ण आधी, हे ठरवायला मला वेळ लागत नाही. आज मी त्या विभागाची मुख्य परिचारिका आहे, आणि नव्या मुलींना प्रशिक्षण देण्याचं काम माझ्याकडे आहे. हे शाळेला कळावं म्हणून अभिमानाने लिहिते.

मुख्य झाल्यावरच मात्र घसरण सुरू झाली. तोवर माझ्या पाळ्या दुसरं कुणीतरी लावायचं. घंटा, भोंगे, समोरचा रुग्ण हे सगळं मला सांभाळून घ्यायचं. आता पाळ्या मला लावायच्या होत्या, औषधसाठ्याचे तक्ते, रजांचे अर्ज, महिन्याचे अहवाल मला करायचे होते, तेही बंद खोलीत एकटीने बसून. टेबलावर कागद साठत गेले. घरी येऊन विजेचं बिल पाहायचं त्राण उरायचं नाही. झोप गेली. मला वाटलं, वय झालं, किंवा मुळातलीच आळशी मी अखेर उघडी पडले. मानसोपचार विभागातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू एकदा नीट तपासून घे."

एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये सापडत नाही. डॉक्टर आयुष्यभराची हकिगत विचारतात. प्रौढ वयात निदान करताना लहानपणाचा पुरावा लागतोच, कारण हा त्रास मोठेपणी उगवत नाही, तो बालपणापासून असावा लागतो. डॉक्टरांनी शाळेचं काही जपलंय का विचारलं. आईने ट्रंकेतून प्रगतिपुस्तकं काढली. पहिली-दुसरीची उंदरांनी खाल्ली होती, पाचवी आणि सहावीची शाबूत होती. इथे एक गोष्ट योगायोगाने माझ्या बाजूची ठरली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पूर्वी लक्षणं वयाच्या ७ वर्षांआधी दिसायला हवीत अशी अट होती. २०१३ च्या आवृत्तीत ती १२ वर्षांपर्यंत नेली. म्हणजे बाईंच्या वर्गातली माझी वर्षं मोजली जात होती.

आणि बाईंनी काय लिहिलं होतं! पाचवी, पहिलं सत्र: 'तोंडी उत्तरे अचूक. लेखी काम मध्येच तुटते.' दुसरं सत्र: 'सूचना एका वेळी एकच दिल्यास पूर्ण करते. वस्तू विसरते, दप्तर भरताना यादी समोर असावी.' सहावी: 'उभ्याने लिहिल्यास काम पूर्ण होते. आळस नाही.' हे शेवटचे दोन शब्द अधोरेखित होते. डॉक्टरांनी दोन्ही पुस्तकं दोनदा वाचली आणि म्हणाले, "तुमच्या बाईंनी माझं निम्मं काम करून ठेवलंय."

मी परिचारिका असूनही या विषयाचं मला फारसं ज्ञान नव्हतं. मग वाचलं. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांबद्दल व्याख्यानं दिली, आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरनेही त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. १९६८ च्या निदानपुस्तिकेत या दुखण्याच्या नावातच चंचलपणा होता, नावात लक्षाचा उल्लेख नव्हता. १९८० मध्ये लक्ष पुढे आलं, १९८७ मध्ये आजचं नाव ठरलं. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. म्हणजे तज्ज्ञ अजून नाव ठरवत होते, तेव्हा आपल्या शाळेतल्या एका शिक्षिकेने ते अचूक टिपून ठेवलं होतं.

मुलांमध्ये याचं प्रमाण साधारण ५ टक्के मानतात, मोठ्यांमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुलं असणारच. बाकं ओलांडून पळणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. खिडकीकडे पाहत गप्प बसलेली मुलगी दिसत नाही, आणि म्हणून मुलींचं निदान फार उशिरा होतं, अनेकींचं होतच नाही. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे. आईवडिलांनी संस्कार केले नाहीत म्हणून हे होत नाही. माझ्या आईला हे ऐकवलं तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. तिनेही बोलणी खाल्लीच होती.

मला मिथाइलफेनिडेट हे औषध सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मी एक अहवाल बसल्या बैठकीत संपवला. औषधाने सगळं सुटतं असं नाही. भूक कमी होते, रक्तदाब पाहत राहावा लागतो, आणि औषधाचा अंमल उतरला की संध्याकाळी विस्कटल्यासारखं होतं. वेळ किती गेला हे मला अजूनही आतून कळत नाही, म्हणून माझ्या खोलीत काटे फिरताना दिसतील असं मोठं घड्याळ आहे. कागदाचं काम मी एका उंच टेबलावर उभ्याने करते, आणि लांबलचक तक्त्याच्या समासात पेन्सिलीने रेघा मारून घेते. माझ्या हाताखालच्या मुली आता त्याची चौकशी करत नाहीत.

ती दोन प्रगतिपुस्तकं घेऊन मी बाईंना भेटायला गेले. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं अक्षर वाचलं. "हे मी लिहिलंय होय?" म्हणाल्या. कपाट त्यांना आठवत नव्हतं, तपासणीचे साहेबही नाहीत. मला आधी वाईट वाटलं. मग त्या एकेका मुलीचं सांगू लागल्या: कुणाला पुढच्या बाकावर बसवलं होतं, कुणाला मोठ्याने वाचायला लावायचं नाही असं ठरवलं होतं, कुणाच्या घरी दिवा नव्हता म्हणून तिला शाळेतच गृहपाठ करू दिला होता. प्रत्येकीसाठी काही ना काही होतं. माझं त्यात वेगळं असं काहीच नव्हतं. निघताना म्हणाल्या, "रात्रपाळी करतेस ना? मग दुपारी झोपत जा."

एक गोष्ट समितीला कळवल्यावाचून राहवत नाही. माझ्या भाचीचं प्रगतिपुस्तक मी पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात संगणकाने छापलेलं वाक्य होतं, तयार यादीतून निवडलेलं. तिच्या मैत्रिणीच्या पुस्तकातही तेच वाक्य होतं. शिक्षकांवर कामाचा किती बोजा आहे हे मला ठाऊक आहे, तरी मन खट्टू झालं. उद्या यातल्या एखाद्या मुलीला डॉक्टरांसमोर बसावं लागलं, तर ती कोणता कागद पुढे करणार? सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या प्रगतिपुस्तकात हाताने लिहिण्यासाठी निदान तीन कोऱ्या ओळी परत याव्यात, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीशी एक उंच टेबल ठेवण्याचा खर्च मी करते. तसं पत्र कार्यवाहांकडे दिलं आहे. टेबलांवर माझं नाव घालू नये. बाईंची हरकत नसेल तर त्यांचं घालावं, आणि ते त्यांना आधी विचारावं, कारण त्या नको म्हणतील अशी मला खात्री आहे.