चार डॉलरच्या ताटामागची निविदा

सिंगापूरला आलेला पाहुणा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाद्यगाळ्यांच्या केंद्रात, जेवला की पहिला प्रश्न ठरलेला: एवढ्या महागड्या शहरात चार-पाच डॉलरमध्ये भात, एक मांसाहारी पदार्थ आणि दोन भाज्या परवडतात कशा? सिंगापुरी डॉलर साठ रुपयांच्या वर आहे, तरीही इथल्या पगारांच्या मानाने हे स्वस्तच. सरकार ताटामागे पैसे देत असेल, असा बहुतेकांचा अंदाज असतो. तसं काही नाही. इथे शहर आणि देश एकच, त्यामुळे वेगळी महापालिका नाही. राष्ट्रीय पर्यावरण संस्था बहुतेक हॉकर सेंटरांची मालकासारखी देखभाल करते. ताट स्वस्त राहतं त्यामागे या मालकाच्या भाडेकराराचा मोठा हात आहे.

मुळात हे गाळेवाले सगळे रस्त्यावरचे फेरीवाले. खरकटं आणि तेलकट पाणी थेट गटारात आणि तिथून नदीत जायचं. 1968-69 मध्ये सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली, काहींना तात्पुरतं मागच्या गल्ल्यांत आणि वाहनतळांवर हलवलं आणि 1971 पासून नळ, वीज, गटारजोडणी असलेली केंद्रं बांधायला घेतली. 1986 पर्यंत रस्त्यावरचे शेवटचे फेरीवाले आत आले. क्रम लक्षात घ्या: आधी नोंद, मग गाळा, मग रस्ता मोकळा. आपल्याकडे 2014 च्या पथविक्रेता कायद्यात कागदावर हाच क्रम आहे. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवू नये, असं त्यात लिहिलेलं आहे. अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी मात्र सर्वेक्षणाच्या आधी पोचते.

रस्त्यावरून आलेल्या त्या पिढीला गाळे नाममात्र भाड्याने मिळाले. शिजवलेल्या अन्नाच्या गाळ्याचं सवलतीचं भाडं महिन्याला 320 डॉलरच्या आत. बाकी सगळ्यांना निविदा भरावी लागते. खरी गंमत या निविदेच्या नियमांत आहे.

2012 च्या आधी दोन खोडी होत्या. एक, सरकारची किमान बोली असायची, त्यामुळे मागणी नसलेल्या केंद्रातले गाळे रिकामे पडून राहायचे. दुसरी खोड आपल्याला चांगली ओळखीची: ज्याच्या नावावर गाळा तो घरी, आणि पोटभाडेकरू तव्यावर. वरचा फरक नाववाल्याच्या खिशात आणि तो भरून निघायचा ताटाच्या किमतीतून. 2012 मध्ये किमान बोली काढून टाकली आणि नव्या गाळेधारकांना पोटभाड्याने देणं किंवा गाळा परस्पर दुसऱ्याच्या नावावर करणं बंद झालं. गाळेधारकाने स्वतः गाळा चालवायचा आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन गाळे. परिणाम असा की पडेल केंद्रातले काही गाळे महिना 1 डॉलरच्या बोलीलाही गेले. सवलत नसलेल्या गाळ्यांचं मध्यक भाडं (निम्मी भाडी याच्या खाली, निम्मी वर) बरीच वर्षं 1,250 डॉलरच्या आसपास राहिलं.

किमान बोली नाही, तशी कमाल बोलीही नाही. 2024 मध्ये मरीन परेड इथल्या एका गाळ्याला महिना 10,158 डॉलरची बोली लागली आणि वर्तमानपत्रांत ओरड झाली. अशी बोली लावणारा बहुधा गर्दी बघून हिशेब करतो आणि कच्च्या मालाचा हिशेब विसरतो. करार तीन वर्षांचा असतो आणि पहिली तीन वर्षं बोलीएवढंच भाडं भरावं लागतं. बाजारभावाच्या मूल्यांकनाप्रमाणे ते सरकू लागतं त्यानंतर. तोवर पुष्कळांचा दम संपतो.

कच्च्या मालाचा हिशेब म्हणजे काय? सरकारी पाहणीनुसार गाळ्याच्या खर्चात भाडं साधारण 12 टक्के, तर कच्चा माल जवळजवळ 60 टक्के. म्हणजे भाडं कितीही आवरलं तरी कोंबडी, तेल, तांदूळ यांवर सरकारचा हात पोचत नाही. सिंगापूर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं. 1 जून 2022 ला मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली. इथली सुमारे एक तृतीयांश कोंबडी तिकडून येत होती. चिकन राइसच्या गाळेवाल्यांपुढे तीनच वाटा होत्या: गोठवलेली कोंबडी वापरा, भाव वाढवा, नाहीतर गाळा बंद ठेवा. भाव अर्धा डॉलर वाढला तरी गिऱ्हाईक कुरकुरतं. 'हॉकरचं जेवण स्वस्तच असलं पाहिजे' ही अपेक्षा सरकारनेच पन्नास वर्षं जोपासली आहे, आणि तिचा भार पहाटे उठून रस्सा चढवणाऱ्या साठीच्या माणसावर येतो. मुलं धंद्यात यायला तयार नाहीत, यात नवल काय?

सरकारची दुसरी चूक बांधकामाची. 1986 नंतर पंचवीस वर्षं नवी केंद्रं बांधलीच नाहीत. पुंगोल, सेंगकांगसारखी नवी उपनगरं वाढली ती खासगी कॉफी शॉप (इथे म्हणजे अनेक खाद्यगाळ्यांची खाणावळ) आणि मॉलमधल्या फूड कोर्टांच्या भरवशावर, आणि तिथे भाडं मालक ठरवेल तेवढं. 2011 मध्ये धोरण बदललं. 2027 पर्यंत 20 नवी केंद्रं करायचं ठरलं. ही नवी केंद्रं चालवायला सामाजिक उद्दिष्ट सांगणाऱ्या कंपन्यांना दिली. 2018 मध्ये त्यांच्या करारांवरून बराच गदारोळ झाला: भाड्याशिवाय निरनिराळी शुल्कं, जास्त तास गाळा उघडा ठेवायची सक्ती. अखेर सरकारला मध्ये पडून अटी सैल कराव्या लागल्या. मधला ठेकेदार आला की भाडं मागच्या दाराने वाढतं, हे कुठल्याही शहराला लागू.

स्वच्छतेचा भाग थोडक्यात. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली. नियमभंगाला दंडगुण लागतात आणि 12 महिन्यांत 12 गुण झाले की परवाना स्थगित. गिऱ्हाइकालाही सूट नाही: 1 सप्टेंबर 2021 पासून ट्रे स्वतः रॅकवर नेऊन ठेवावा लागतो. पहिल्यांदा लेखी ताकीद, पुन्हा सापडलात तर 300 डॉलर दंड. रॅक दोन असतात, हलाल आणि बिगरहलाल. पाटी वाचून ट्रे ठेवा. नवीन आलेले हमखास चुकीच्या रॅककडे जातात.

इथल्या मराठी घरांत अधूनमधून वडापावच्या गाळ्याचा बेत शिजतो, म्हणून हेही सांगून ठेवावं. नोकरीच्या पासवर, म्हणजे कामाच्या व्हिसावर, असाल तर विषय तिथेच संपला. बोली लावायला नागरिक किंवा कायम रहिवासी असावं लागतं आणि वय किमान 21. आधी अन्नसुरक्षेचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम करा. निविदेत गाळ्याचा प्रकार ठरलेला असतो: साधं शिजवलेलं अन्न, हलाल, भारतीय जेवण, पेयं. वडापावच्या गाळ्यावर चहा विकायचा बेत असेल तर प्रकार नीट वाचा, पेयांचा गाळा वेगळा असतो. याआधीच्या यशस्वी बोल्या संस्थेच्या संकेतस्थळावर गाळ्यागणिक जाहीर असतात. त्याच केंद्रातल्या बघा, शेजारच्या प्रसिद्ध केंद्रातल्या नकोत. भाड्यावर टेबल-सफाईचं शुल्क, देखभाल शुल्क आणि कर वेगळे. थेट बोलीची धास्ती वाटत असेल, तर 2018 पासून नवशिक्यांसाठी योजना आहे: साधनसामग्री बसवलेला गाळा, 15 महिने सवलतीच्या भाड्याने. त्यासाठी पदार्थ परीक्षकांपुढे करून दाखवावा लागतो.