पडवीतली वॉल: फणसाचे होल्ड्स लागले

तर मंडळी, चढाईच्या सरावासाठी घरच्या पडवीत क्लाइंबिंग वॉल बांधतोय, तिची फ्रेम उभी राहिली. चिऱ्याच्या भिंतीत अँकर मारलेच नाहीत, जांभा भुसभुशीत, ओढ बसत गेली की भोक मोठं होत जातं, म्हणून खांबांवर वेगळी फ्रेम, तिच्यावर १८ मिमी मरीन प्लाय, ३० अंश पुढे झुकलेली.

आता मुद्द्याचं, होल्ड्स, म्हणजे चढताना हातापायांना आधार देणारे, वॉलवर बसवायचे तुकडे. वखारीतून आंबा, साग, फणस असे उरलेसुरले तुकडे उचलले. आंब्याला किडा लवकर लागतो, तो फक्त पायाच्या होल्ड्सना. साग टिकेल पण तेलकट, मला हाताला निसटता वाटतो, आणि भाव बघता त्याला पटाशी लावायला जीव होत नाही. फणस मात्र एक नंबर! वाळवी सहसा वाट्याला जात नाही, कानस मारली की पिवळाधम्मक भुसा पडतो, आणि कड हवी तशी गोल होते. मेस्त्री बघून म्हणाले, "हे कित्याक? कपडे टांगूक?" आता काय सांगणार.

लाकडाच्या रेषा होल्डच्या लांबीने ठेवा. आत वळलेला 'जग' (बोटं आत घालून घट्ट धरता येतो असा होल्ड) करत असाल तर ओठ जाड सोडा, पातळ केलात की तो रेषेतूनच चिरतो. बोल्ट एम१०, आणि डोक्यासाठी सपाट तळाचा खड्डा करून खाली वॉशर, निमुळत्या डोक्याचा बोल्ट आवळला की पाचर ठोकल्यासारखा लाकूड फाडतो. बाजूला एक स्क्रू, होल्ड फिरू नये म्हणून.

आपल्याकडे खरा वैरी खारा वारा. झिंकवाले बोल्ट इथे गंज धरतात, म्हणून बोल्ट आणि टी-नट (प्लायच्या मागून बसणारं, बोल्ट धरणारं नट) दोन्ही ३१६ स्टेनलेसचे घेतले, महाग पडले पण ठीक आहे. फक्त स्टेनलेसमध्ये स्टेनलेस कोरडं आवळलं की आटे धरून बसतात, मग बोल्ट ना आत ना बाहेर, तेव्हा थोडं ग्रीस लावाच.

वॉर्निश अजिबात नाही, १२० च्या सँडपेपरवर थांबायचं, त्यापुढे गुळगुळीत होतं आणि पावसाळी दमटपणात चॉक (हाताचा घाम टिपणारी पूड) मारूनही हात घसरतो. विकतच्या रेझिनच्या होल्ड्सपेक्षा लाकूड कातडीला कितीतरी बरं, जर्मन क्लाइंबर वोल्फगांग गुलिशने १९८८ मध्ये न्यूरेम्बर्गच्या जिममध्ये पहिला कॅम्पस बोर्ड (पाय न टेकता नुसत्या हातांनी चढायचा सरावाचा फळा) लावला तोही लाकडी पट्ट्यांचाच.

आता स्लोपर (धरायला कड नसलेले, गोलसर उताराचे होल्ड) करायचेत, त्यासाठी जाड ओंडका बघतोय. शिवणीचं लाकूड कोणी वापरलंय का? पावसात फुगतं का तेवढं सांगा.